पावसाळ्यात आरएक्स १०० कशी ठेवावी?
भडगावच्या गाडीप्रेमींनो, गिरणाकाठची काळी माती ओली झाली की जुनी गाडी रस्त्यावर काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ याच काळात बनली. म्हणून तिची मूळ टाकी जपायलाच हवी.

सगळ्यात जास्त लक्ष पेट्रोलकडे द्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी तळाशी बसतं, पत्रा आतून गंजतो. म्हणून गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि आत थोडं टू-टी ऑइल फिरवा. कार्बोरेटरमधलं पेट्रोलही तळाचा स्क्रू ढिला करून काढा, नाहीतर ते सुकून जेट चोंदतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल सोडा, हळूच दोन-चार किका मारा, प्लग परत बसवा.

चेन धुऊन तेल, बॅटरी घरात, गाडी मेन स्टँडवर. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, उंदीर शिरतात! वर प्लास्टिक मात्र नको, आत ओल धरते. जुनी सुती चादर उत्तम. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढाल तेव्हा आधी फडकं काढा. आत सोडलेल्या ऑइलमुळे सुरुवातीला धूर जास्त येईल, घाबरू नका.