सही कोणाची?

संगमेश्वर एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जूनमध्ये अर्धा तास उभं राहिलं, की अख्खा तालुका हातात मार्कलिस्ट घेऊन समोरून जातो. यंदा माझ्यापुढे एक गृहस्थ होते. पावसाला भिऊन मार्कलिस्ट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातलेली, वर रबर. सोबत दहावी झालेला मुलगा. ‘किती काढू?’ दुकानदारानं विचारलं. ‘पाच काढ. कुठं कुठं लागतील काय म्हाईत.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘गुरुजी, आयटीआय म्हणजे कॉलेजच ना हो?’

हो म्हणावं तर अर्धं खरं, नाही म्हणावं तरी अर्धंच.

पास होणं हा आमच्याकडे प्रश्न उरलेला नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं कोकण मंडळ २०१२ मध्ये वेगळं झालं, तेव्हापासून निकालात राज्यात वर. २०२५ चा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के. अडतं ते त्यानंतर. प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी हे तीन शब्द घराघरांत एकाच शिडीच्या पायऱ्यांसारखे वापरले जातात. खालची पायरी ती ‘ढ’ मुलाची. माझ्या मते ही समजूतच मुलांना नडते. कागदाचं नाव नंतर वाचावं. आधी खाली सही कोणाची आहे ते बघावं.

हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. मुरुडचे धोंडो केशव कर्वे सतराव्या वर्षी सरकारी नोकरीची परीक्षा द्यायला घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले, शंभराहून अधिक मैल. तिथल्या साहेबांना ते सतराचे वाटेनात, परत पाठवलं. पुढे त्यांनीच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, आणि त्याला कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ उजाडलं. तोवर त्या बायका शिकलेल्या नव्हत्या असं कोण म्हणेल? पण कागदाला वजन नव्हतं.

तर आयटीआय. इथे मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री ही सरकारी नावं मला फार आवडतात. मुलं मात्र फिटर, टर्नर, वेल्डरच म्हणतात. वेल्डरचा अभ्यासक्रम वर्षाचा, फिटर-इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. पुढे १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, तीही विद्यावेतनासह. आणि घरी कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी, की दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, आणि पदविकेवरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे हातात पाना घेतलेला मुलगा आंबवच्या राजेंद्र माने महाविद्यालयात, १९९८ पासून आपल्याच तालुक्यात असलेल्या, बी.ई.च्या वर्गात पोचू शकतो. वाट लांबची आहे, पण प्रत्येक टप्प्यावर हातात पोट भरणारा कागद आहे. बारावीनंतर सीईटीत आपटलेल्याच्या हातात काय असतं?

पदविका हा शब्द तर नुसतं गाठोडं आहे. दहावीनंतरचं तीन वर्षांचं पॉलिटेक्निक ही पदविका. बारावी सायन्सनंतरचं दोन वर्षांचं डी.फार्म. हीही पदविकाच. औषधाच्या दुकानाचं स्वप्न याच डी.फार्म.वर उभं असतं, पण फार्मसी कौन्सिलकडे नाव नोंदल्याशिवाय काउंटरमागे फार्मासिस्ट म्हणून उभं राहता येत नाही. नर्सिंगच्या जीएनएमचंही तसंच, तिथे नर्सिंग कौन्सिल. म्हणजे सह्या दोन लागतात. चित्रकलेकडे ओढा असेल तर शेजारच्या चिपळूण तालुक्यात, सावर्ड्याला सह्याद्रीचं कला महाविद्यालय आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा नुसत्या दहावीच्या वाढीव गुणांसाठी दिल्या जातात याचं मला वाईट वाटतं. त्याच वाटेनं पुढे जी. डी. आर्ट आहे, हे किती पालकांच्या कानावर असतं?

आणि डी.एड.! एके काळी आमच्या वाडीवाडीत डी.एड.वाला होता. मुलगी डी.एड. झाली की स्थळं चालून यायची. पुढे शिक्षकभरती आटली, २०१३ पासून वर टीईटी आली, आणि त्याच कागदाचा भाव उतरला. सही तीच, शिक्का तोच.

पदवीसाठी तालुक्यातल्या आधीच्या पिढीला रत्नागिरीचं १९४५ चं गोगटे कॉलेज नाहीतर थेट मुंबई. देवरुखला १९७२ मध्ये कॉलेज निघालं, आज ते आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं, आणि घरचा डबा खाऊन पदवी मिळवता येऊ लागली. मुलींच्या बाबतीत तर या एका सोयीनं जे झालं ते कुठल्या योजनेनं झालं नसेल.

आता पदवीचेच तुकडे पडलेत. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर थांबलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मोजमाप क्रेडिटचं: वर्गातले पंधरा तास म्हणजे एक, प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक, वर्षाला साधारण चव्वेचाळीस. ते ऑनलाइन खात्यात जमा होतात. वर्षभर बी.कॉम. केल्याच्या प्रमाणपत्रावर कोणी नोकरी देईल यावर माझा विश्वास नाही. पण बापाच्या आजारपणानं मुंबईला गेलेल्या मुलाला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, ही खिडकी मोलाची आहे. ज्याला येताच येत नाही, त्याच्यासाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. ड्युटी सांभाळून, रविवारच्या तासांवर पदवीधर झालेले चाकरमानी मी पाहिलेत.

सही न बघितल्याचा फटका आमच्या घरातच बसलाय. भाच्यानं मुंबईत एका खासगी संस्थेत वर्षभराचा ‘डिप्लोमा’ केला. सोनेरी शिक्का, फ्रेम करून दिलेला. पहिल्याच मुलाखतीत विचारलं, ‘बोर्ड कुठलं?’ बोर्ड म्हणजे संस्थेच्या दारावरची पाटी, एवढंच त्या कागदामागे होतं. फ्रेम अजून माळ्यावर आहे.

यातलं जमेल तेवढं मी त्या गृहस्थांना दुकानातच सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मधून मधून मान हलवली, रबर पुन्हा पिशवीला लावलं. मुलगा तेवढा वेळ बाहेर स्टँडकडे बघत होता. मी त्याला विचारलं, ‘तुला काय वाटतं?’

तो म्हणाला, ‘देवरुखवरनं परतीची शेवटची गाडी कितीची असते?’