मज्जारज्जू म्हणजे एकच वायर नव्हे

रात्री अंधारात पायाची करंगळी पलंगाच्या पायावर आपटते. आपटल्याचं त्याच क्षणी कळतं, पाठोपाठ झणका येतो आणि खोल ठणका मात्र सेकंदभराने सावकाश चढत येतो. मार एकच, करंगळी एकच, मग निरोप वेगवेगळ्या वेळी का पोचतात? कारण ते वेगवेगळ्या तंतूंवरून निघतात. शरीराकडून मेंदूकडे जाणाऱ्या या वाटांबद्दल काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्या तपासून पाहू.

गैरसमज : पाठीचा कणा आणि मज्जारज्जू एकच.
वस्तुस्थिती : कणा हाडांचा, त्याच्या पोकळीत करंगळीएवढ्या जाडीचा जो मऊ दोर असतो तो मज्जारज्जू. प्रौढ माणसात तो साधारण 42 ते 45 सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली असतो फक्त मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका. सिझेरियनच्या वेळी भूल देण्याचं इंजेक्शन याच खालच्या भागात देतात. सुई मज्जारज्जूत खुपसली जाते, ही भीती म्हणूनच निराधार आहे.

गैरसमज : सगळ्या संवेदना एकाच वाटेने वर जातात.
वस्तुस्थिती : मुख्य वाटा दोन. हलका स्पर्श, कंपन आणि सांधा कुठे वळला आहे याची जाणीव मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जाते. वेदना आणि थंड-गरम यांची वाट पुढच्या-बाजूच्या भागात आहे. दोन्ही मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागामार्गे मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात. स्पर्शाचे तंतू जाड आणि आवरण असलेले. त्यांवरून संदेश सेकंदाला 35 ते 75 मीटर धावतो. ठणक्याचे तंतू बारीक आणि आवरणाविना. तिथे वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. करंगळीचं कोडं इथे सुटतं.

गैरसमज : मज्जारज्जूला ज्या बाजूला इजा, त्याच बाजूच्या सगळ्या संवेदना जातात.
वस्तुस्थिती : मॉरिशसमध्ये 1817 साली जन्मलेले शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी हे चित्र उलगडलं. दोन्ही वाटा बाजू बदलतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात पलीकडे जातो. स्पर्शाचा निरोप त्याच बाजूने थेट मेंदूच्या बुडाशी असलेल्या मेडुलापर्यंत चढतो आणि तिथे ओलांडतो. त्यामुळे पाठीच्या मध्यावर मज्जारज्जूचा उजवा अर्धा भाग दुखावला, तर उजवा पाय कुठे पडतोय ते कळत नाही आणि त्यात जोरही राहत नाही. डाव्या पायाला मात्र कढत पाण्याचा चटकासुद्धा जाणवत नाही.

गैरसमज : चटका मेंदूला कळतो, मग हात मागे येतो.
वस्तुस्थिती : तव्याला बोट लागलं की हात मागे घेण्याचा निर्णय मज्जारज्जूच घेतो. मेंदूला कळ जाणवते तेव्हा हात निघालेला असतो. आलेला निरोप जसाच्या तसा पुढे धाडणं एवढंच मज्जारज्जूचं काम नाही. वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं, अशी कल्पना रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडली. तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी मूळ मुद्दा टिकला: स्पर्शाचे संदेश वेदनेचे संदेश रोखू शकतात. ठेच लागल्यावर आपण नकळत ती जागा चोळतो आणि बरं वाटतं, ते याचमुळे.

गैरसमज : पायाला मुंग्या येतात म्हणजे मणक्यात गॅप आला.
वस्तुस्थिती : नेहमीच नाही. मधुमेहात पायांचे मज्जातंतू मज्जारज्जूच्या बाहेरच खराब होतात. बी-12 जीवनसत्त्वाच्या दीर्घकाळच्या कमतरतेत मज्जारज्जूची मागची, म्हणजे स्पर्शाची वाट झिजते. हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळतं. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी माणसाला धोका अधिक. डॉक्टर घोट्यावर नादकाटा टेकवून ‘थरथर जाणवते का?’ विचारतात, पाय जुळवून डोळे मिटायला सांगतात, ते हीच वाट तपासण्यासाठी. डोळे उघडे असतात तोवर नजर पायांची उणीव भरून काढते. मिटले की तोल जातो.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर ‘नस दबली असेल’ असं निदान स्वतःच करून टाकू नका. चालताना चप्पल निसटलेली कळत नाही, तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, पाय भाजला तरी समजत नाही, यांपैकी जे घडतं ते नेमकं सांगा. पायांतला जोर अचानक गेला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाकी बिघाड कुठल्या वाटेवर आहे, ते निसटलेली चप्पलसुद्धा डॉक्टरांना सांगू शकते.