पाण्याखालचा बांबू

बांबूउडीत खेळाडू उलटा होतो तो क्षण डोळ्यांना नीट सापडत नाही. बांबू टेकवणे, उसळणे, झोका, पाय वर, डोके खाली. सारे दोन सेकंदांच्या आत आटोपते. माझी पुतणी एकदा उडी अर्धवट राहून धावपट्टीवर आदळली आणि तिच्या मनात उलटे होण्याचीच भीती बसली. काही खेळाडू एवढाच भाग तलावात सावकाश गिरवतात, हे वाचून मी साधन करायला घेतले. मी ना प्रशिक्षक, ना अभियंता.

पहिला प्रयत्न खऱ्या बांबूचा. पेरांतल्या हवेमुळे तो तरंगे. तो दाबून धरण्यातच तिची ताकद जाई. मग जाड पीव्हीसी पाइप आणला. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड. टोके उघडी ठेवली, पकडीची जागा सोडून भोके पाडली, कडा कानशीने घासल्या. हवा निघून गेली आणि पाइप बुडाला.

खरी अडचण तळाशी होती. कुबडीचे रबरी टोपण लावूनही टोक फरशीवर सरके. मैदानावर ते २० सेंटिमीटर खोल खाचेत अडते. म्हणून खोबण ठेवून २० किलोचा काँक्रीटचा ठोकळा ओतला. तोही सरकला! ठोकळा जेवढे पाणी बाजूला सारतो तेवढे वजन वजा होते; तळाशी तो जेमतेम १२ किलोचा उरतो. शेवटी ठोकळे दोन केले, खाली जुन्या टायरचे रबर लावले आणि ते भिंतीपासून लांब ठेवले.

साधन जमले, तशी त्याची मर्यादाही कळली. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट होतो. घाईने झोका घेतला की मागचा पाय गुडघ्यात दुमडतो. मैदानावर तोच पाय लांब, सरळ हवा. त्यामुळे तलावात सावकाशच, आणि मोजक्याच फेऱ्या. श्वास ताणून धरायचा नाही. शेजारी पट्टीचा पोहणारा हवाच.

शिवाय पाण्यात धाव नाही, बांबूचा बाक नाही, अंगाचा भारही नाही. तो भार हातांना कळावा म्हणून पुढची पायरी दोरीच्या मल्लखांबाची ठेवली. आधी पाणी, मग दोरी, मग मैदान.

गेल्या उन्हाळ्यात पुतणी पुन्हा धावपट्टीवर उभी राहिली. उंची अजून पूर्वीचीच आहे.