रक्तातला नॅनोग्रॅम

इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो इथं मितेनी नावाचा कारखाना होता. त्यातून निघालेली पीफास रसायनं भूजलात उतरली आणि नळाच्या पाण्यातून लोकांच्या अंगात गेली. २०१७ पासून सरकारनं रहिवाशांचं रक्त तपासायला घेतलं. पुढे आया आपल्या मुलांच्या रक्तातले आकडे टी-शर्टवर छापून मोर्चात उतरल्या.

हा आकडा काढतात तो असा. नेहमीसारखंच रक्त घेऊन ते गोठू देतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वरचं पिवळसर सीरम काढून घेतात. अर्धा मिलिलिटर पुरतं. पीफासपैकी पीएफओए हे रसायन चरबीत साठत नाही, अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. म्हणून सीरममध्ये अ‍ॅसिटोनायट्राइल घालतात. प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फुटून खाली बसतात, रसायन वरच्या द्रवात सुटं होतं.

त्याआधीच एक शहाणपणाचं काम उरकलेलं असतं. जड कार्बन वापरून बनवलेलं पीएफओए सीरममध्ये मोजून मिसळतात. त्याचे गुण तेच, वजन तेवढं जास्त. पुढच्या खटाटोपात मूळ रसायन सांडलं-उरलं, तर हेही त्याच प्रमाणात घटतं. शेवटी दोघांचं गुणोत्तर पाहायचं.

मग तो द्रव एका बारीक कॉलममधून सोडतात. त्यातून वेगवेगळे रेणू आपापल्या वेळी बाहेर पडतात. मास स्पेक्ट्रोमीटर ४१३ वस्तुमानाचे आयन निवडून फोडतो आणि ३६९ चा तुकडा मिळतो का ते पाहतो. वेळही जुळली, की ते पीएफओए.

खरी डोकेदुखी यंत्राचीच. त्याच्या टेफ्लॉनच्या नळ्यांतूनच पीफास झिरपतं! त्या बदलाव्या लागतात, टेफ्लॉनचं अस्तर असलेली झाकणं टाळावी लागतात, आणि दर खेपेला कोरा नमुना चालवावा लागतो. तुलनेसाठी कोरं रक्त मिळवणं तर त्याहून कठीण. थ्रीएम कंपनीच्या शास्त्रज्ञांना त्यासाठी कोरियन युद्धाच्या काळातल्या सैनिकांचे साठवलेले नमुने शोधावे लागले.

पीएफओए निम्मं व्हायला साधारण तीन वर्षं लागतात, त्यामुळे एका आकड्यात वर्षानुवर्षांचं पाणी असतं. कोणाला कोणता आजार होईल, हे मात्र तो सांगत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२ मध्ये काही ठरावीक पीफासची बेरीज मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर गेली तर जास्त तपासण्या सुचवल्या.

मितेनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरीतल्या लोटे परशुरामला आली. आजूबाजूच्या गावांत रक्त मोजायचं तर पहिले नमुने लवकरात लवकर घेऊन प्लॅस्टिकच्या कुप्यांत, डीप फ्रीजरमध्ये ठेवायला हवेत. नंतरचे आकडे ताडून पाहायला तेच लागतील.