चुलीचा धूर आणि घरातील हवा

प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्यांची धुराडी किंवा मुंबई-आग्रा महामार्गावरील मालमोटारींचा धूर उभा राहतो. घराच्या चार भिंतींआड कोंडलेल्या हवेचा विचार सहसा कोणी करीत नाही. वास्तविक माणसाच्या दिवसाचा मोठा भाग छपराखालीच जातो. तान्ही मुले, वृद्ध आणि स्वयंपाक करणाऱ्या माता-भगिनी यांचा तर जवळजवळ सर्वच वेळ घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरगुती इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली व त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. म्हणून समाजबांधव व विद्यार्थी यांच्यासाठी या विषयाची माहिती येथे देत आहोत.

धूर म्हणजे अर्धवट जळण. लाकडाला पुरेशी हवा व उष्णता मिळाली तर ते पूर्ण जळते आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निघते. आपल्या तीन दगडांच्या चुलीत तसे घडत नाही. ओले लाकूड, कोंबून भरलेले जळण आणि वाऱ्याचा अभाव यामुळे काजळीचे कण व कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. हे कण अडीच मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक असतात. नाकातील केसांना ते अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. स्वयंपाकानंतर डोके का दुखते, याचे एक उत्तर येथे सापडते.

अशा बारीक कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे भारताचे बाहेरील हवेचे मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ ठरविली. चुलीच्या स्वयंपाकघरात मोजणी केली तर आकडा शेकड्यांत जातो, आणि प्रत्यक्ष भाकरी थापताना हजाराच्याही वर चढतो.

आता आपल्या दिंडोरीकडे पाहू. तालुक्याचा पश्चिम भाग, ननाशीकडचा, डोंगराळ व भरपूर पावसाचा. तेथे पावसाळ्यात कोरडे सरपण मिळणे कठीण. पूर्वेकडे द्राक्षबागा. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बांधावर काड्यांचे ढीग पडतात आणि फुकटचे जळण म्हणून मजुरांच्या घरी जातात. ओली काडी पेटत नाही, नुसती धुमसते. शिवाय तिच्यावर वर्षभर औषधांची फवारणी झालेली असते. ही काडी बारीक करून बागेतच खत म्हणून कुजवावी हे उत्तम, चुलीत घालायचीच असेल तर निदान पूर्ण वाळल्याशिवाय घालू नये.

घरांचा प्रकारही बदलला. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. घरकुल योजनेतील २६९ चौरस फुटांचे पक्के घर पावसाला व उंदरांना चांगले, परंतु स्लॅबखाली धुराला वाट नाही. थंडीत खिडकीलाही पोते लावले जाते. जेथे चूल तेथेच झोप, तेथेच मुलांचा अभ्यास!

खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ याला आपल्याकडे ‘बाईमाणसाला व्हायचंच’ असे म्हटले जाते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी हा श्वासनलिका आकसण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो. लाकूड-गोवऱ्यांचा धूर हे जगभरातील त्याचे सर्वांत मोठे कारण असू शकते, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने आयुष्यात विडी हातात धरली नाही, तिची फुप्फुसे विडी ओढणाऱ्यासारखी होतात.

उपाय काय? पहिला म्हणजे इंधन बदलणे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबाद येथे देण्यात आली. शेगडी घरात आली खरी, पण अनेक घरांत सिलिंडर चहापुरता व पाहुण्यांपुरता राहिला. पैशाची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु मोटारसायकलच्या पेट्रोलला जे पैसे निघतात ते सिलिंडरला का निघत नाहीत, हा प्रश्न घरातील पुरुषांनी स्वतःला विचारावा. चुलीवरच्या भाकरीची चव वाखाणणारा बहुधा चुलीपुढे बसलेला नसतो.

जेथे चूल सुटत नाही तेथे ती सुधारावी. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने धुराडे असलेली ‘लक्ष्मी’ चूल खेड्यांत पोहोचविली. पुणे परिसरातील घरांत झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अशा सुधारित चुलींमुळे धूर बराच घटल्याचे दिसले, तरी हवा सुरक्षित म्हणण्याइतकी स्वच्छ झाली नाही. तेव्हा धुराड्याची चूल हा मधला टप्पा समजावा. धुराडे छपराच्या वर दोन-तीन फूट न्यावे आणि काजळी वेळोवेळी काढावी, नाहीतर धूर उलटा घरात येतो. आंघोळीच्या पाण्याचा बंब मात्र आजच पडवीबाहेर काढता येईल. त्याला खर्च नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवा खेळती राहते.

धूर केवळ चुलीचाच नसतो. डासांची एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असे २००३ च्या एका अभ्यासात आढळले. मच्छरदाणी स्वस्त आणि निर्धोक. विहारात वंदनेच्या वेळी अगरबत्त्यांचा जुडगा लावण्याऐवजी एक लावून दारे-खिडक्या उघडी ठेवली तर वंदनेत काही उणे पडत नाही. गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवू नये. फवारणीची औषधे व गंधकाची पोती झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत.

धान्याला कीड लागू नये म्हणून काहीजण घरातच सल्फॉसच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेले अख्खे कुटुंब दगावू शकते. या गोळ्या राहत्या घरात वापरायच्याच नाहीत. धान्य उन्हात कडक वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरावे.

थंडीत कोळशाची शेगडी पेटवून दार लावून झोपणे तितकेच घातक. सकाळी घरातील कोणी उठत नसेल, डोके जड होऊन उलटी होत असेल, तर आत शिरणाऱ्याने आधी श्वास रोखून दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसाला उघड्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना शेगडी रात्रभर पेटलेली होती हे आवर्जून सांगावे, म्हणजे प्राणवायू लावण्यास उशीर होत नाही.