वर्ग पाडा, पण नियम उघड सांगा

केबलच्या तारेवरून घरात येणारे इंटरनेट एकट्याचे नसते. वसाहतीतील अनेक घरे एकाच तारेवर जोडलेली असतात. संध्याकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडला की पाण्याची धार बारीक होते, तसेच येथेही होते. अशा वेळी कोणाची माहिती आधी जाणार आणि कोणाची थांबणार, हे कोणीतरी ठरवतेच. त्यासाठी तारेवरील वाहतुकीचे वर्ग पाडले जातात. ‘वर्ग’ हा शब्द ऐकताच आपला वाचक सावध होतो आणि ते योग्यच आहे. म्हणूनच हा विषय केवळ इंजिनिअरांवर सोडून चालणार नाही.

आधी तंत्र समजून घेऊ. केबल कंपनीच्या केंद्रात सीएमटीएस नावाचे यंत्र असते. घरातील मोडेम मनाला येईल तेव्हा माहिती वर पाठवू शकत नाही. त्याला केंद्राकडे वेळ मागावी लागते आणि केंद्र ती वाटून देते. १९९९ साली आलेल्या डॉक्सिस १.१ या मानकाने माहितीचे प्रवाह ओळखून प्रत्येकाला वेगळा नियम लावण्याची सोय केली. फोनवरील आवाजाचे पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघते. ते रेंगाळले तर बोलणे तुटते. म्हणून त्याला न मागता, ठराविक अंतराने जागा दिली जाते. ई-मेल दोन सेकंद थांबला तरी कोणाचे अडत नाही. तो ‘बेस्ट एफर्ट’, म्हणजे जमेल तसे, या वर्गात जातो. त्या वर्गातही ० ते ७ असे प्राधान्याचे आकडे देता येतात. मोडेम सुरू होताना कंपनीकडून येणाऱ्या फाइलमध्ये असे नियम लिहिलेले असतात. सामान्य ग्राहक ती फाइल कधी पाहत नाही.

गरजेनुसार केलेल्या अशा भेदाला आम्ही अन्याय म्हणत नाही. रुग्णवाहिकेला वाट दिल्याने विषमता वाढत नाही. प्रश्न आहे तो कसोटी कोणती आणि ती कोणाला ठाऊक आहे, हा.

याचा धडा अमेरिकेतील कॉमकास्ट या केबल कंपनीने घालून दिला आहे. २००७ साली रॉब टोपोल्स्की या तंत्रज्ञाच्या लक्षात आले की बिटटोरेंटवरून फाइल पाठवताना जोडणी मध्येच तुटते. असोसिएटेड प्रेसने बायबलची प्रत पाठवून पडताळा घेतला, तेव्हा तोच अनुभव आला. दोन संगणकांच्या संभाषणात कंपनीच तिसरी शिरत होती आणि ‘संपर्क तोडा’ असा निरोप दुसऱ्याच्या नावाने पाठवत होती. ग्राहकाला याची कल्पनाच नव्हती. ऑगस्ट २००८ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. ६ एप्रिल २०१० रोजी अपील न्यायालयाने तो रद्द केला. मात्र न्यायालयाने कंपनीचे वर्तन योग्य ठरविले नव्हते. असा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला सिद्ध करता आला नाही, एवढेच म्हटले होते. हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

दरम्यान २००८ अखेर कंपनीने पद्धत बदलली आणि ती आकड्यांसह जाहीर केली. दोनच वर्ग ठेवले. नेहमी सगळे ग्राहक वरच्या वर्गात. उतरणारी वाहतूक क्षमतेच्या ८० टक्क्यांवर किंवा चढणारी ७० टक्क्यांवर सुमारे १५ मिनिटे राहिली, तरच पुढची तपासणी. त्या वेळी जो ग्राहक आपल्या ठरलेल्या वेगाच्या ७० टक्क्यांहून अधिक १५ मिनिटे वापरत असेल, तो खालच्या वर्गात. त्याची जोडणी तोडली जात नसे; तार तुंबलीच तर त्याचे पॅकेट मागे थांबे. वापर ५० टक्क्यांखाली आला की पुन्हा वरचा वर्ग. तो काय पाहतो, काय पाठवतो, याची चौकशी नाही.

कंपनी तीच, तार तीच आणि गर्दीही तीच. पहिल्या पद्धतीत तुम्ही काय पाठवता यावरून चोरून शिक्षा होती. दुसरीत वागण्यावरून, तात्पुरता आणि जाहीर नियम होता. वकिलाच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा आहे. नियम आधी सांगितल्याशिवाय शिक्षा नाही, हे तत्त्व न्यायालयाच्या भिंतींपुरते नाही.

आपल्या देशात २०१८ साली इंटरनेट पुरवठादारांच्या परवान्यात भेदभावाला मनाई करणारी अट घालण्यात आली. गर्दीच्या वाजवी नियोजनाला मुभा आहे. पण ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक हवे. काही विशेष सेवा या अटीबाहेर ठेवल्या आहेत. या सवलतीच्या फटीतून पैसेवाल्याची वाहतूक कायमची पुढे सरकणार नाही ना, यावर पहारा ठेवावा लागेल.

आज परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, न्यायालयातील सुनावणी आणि मुलांचा अभ्यास याच तारेवरून जातो. अखेरच्या तारखेला अर्ज अडकला तर वर्ष वाया जाते. म्हणून आमचे सांगणे असे : इंटरनेट संथ झाले की नशिबाला दोष देऊ नका. तुमच्या पुरवठादाराला लेखी विचारा : आमची वाहतूक कोणत्या वर्गात आहे, ती खाली कधी टाकली जाते आणि परत वर कधी येते? उत्तरही लेखीच मागा.