लम्पी माणसाला का होत नाही?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला जनावरांच्या अंगावर गाठी दिसल्या आणि राज्यातली त्या वर्षीची लम्पीची साथ तिथून सुरू झाली. पाठोपाठ दुधाची धास्ती पसरली. जो रोग गाईला एवढा छळतो तो माणसाला सोडेल कसा, असं लोकांना वाटलं. हा समज साफ चुकीचा आहे. लम्पी माश्या, डास, गोचिडांमार्फत जनावरातून जनावरात जाते, माणसाला ती होत नाही.

जनावराचे किती हाल होतात, यावरून माणसाचा धोका ठरतच नाही. लम्पीच्याच कुळातली म्हशींची देवी घ्या. तिच्यात सडांवर, कासेवर फोड येतात, पण म्हैस सहसा दगावत नाही. तरीही २००९ मध्ये सोलापूर-कोल्हापूर भागात धार काढणाऱ्यांच्या हातांवर तसेच फोड उठले. या कुळातले विषाणू पेशीत सहज शिरतात. खरी झुंज आत होते, कारण आपली पेशी शिरलेल्या विषाणूची वाढ रोखू पाहते. म्हशींच्या देवीचा विषाणू हा बंदोबस्त मोडतो, लम्पीच्या विषाणूला माणसात ते साधत नाही.

बर्ड फ्लूची अडचण मात्र दारातच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला भारतात पहिल्यांदा कोंबड्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळ, साळवा, हातेड इथे निघाला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, पण एकाही माणसात लागण सिद्ध झाली नाही. त्यावरून ‘हा कोंबड्यांचाच रोग’ असं समजणंही तितकंच चूक. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ जणांना तो झाला आणि सहा जण दगावले. भारतातही २०२१ मध्ये एका मुलाचा त्याने बळी घेतला.

हा विषाणू पेशीवरच्या विशिष्ट शर्करेला चिकटतो. पक्ष्यांच्या आतड्यात ती भरपूर असते, आपल्या नाका-घशात फार कमी, फुप्फुसात खोलवर मात्र असते. म्हणून लागण क्वचित होते, पण झालीच तर जिवावर बेतते. खोकल्या-शिंकांतून तो सहजी पसरत नाही, तेही यामुळेच. मात्र फ्लूचे विषाणू झपाट्याने बदलतात, आणि एकाच प्राण्यात दोन जातींचे फ्लू एकत्र आले तर जनुकांची अदलाबदल होते. त्यातून शर्करेवरची ही पकड बदलली, तर धोका वाढेल.

राहिला कोंबडीच्या रश्श्याचा प्रश्न. ७० अंशांवर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. धोका आजारी कोंबडी कापताना, पिसं काढताना असतो. मेलेली कोंबडी उघड्या हातांनी उचलू नये, मुलांना तिच्याजवळ फिरकू देऊ नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावं.